गेटच्या आत गेलेल्या आमच्या लेकी

दरवर्षी १४ जानेवारी उजाडला की आमच्या लासूर स्टेशनच्या पट्ट्यातून माणसे निघतात. कुणी रेल्वेने, कुणी एस.टी.ने, कुणी टेम्पोत दाटीवाटीने. पांढऱ्या साड्या, निळे झेंडे, कडेवर लेकरू आणि पिशवीत भाकरी. पोटूळ, दौलताबाद मागे टाकून सारे विद्यापीठाच्या गेटपाशी पोहोचतात. गेटला वंदन करतात, पुस्तकांच्या दुकानांतून कॅलेंडर, वंदनेची पुस्तिका घेतात आणि दिवस मावळायच्या आत परततात. १९७८ ते १९९४ अशी सोळा वर्षे ज्या नावासाठी समाज रस्त्यावर होता, घरे जळाली, माणसे मेली, लाँग मार्च निघाला, त्या नावापुढे माथा टेकल्याशिवाय आमच्या आयाबायांना चैन पडत नाही. हे योग्यच आहे.

पण वाचकहो, गेट म्हणजे दार. दार असते ते आत जाण्यासाठी. त्या दाराच्या आत आज आमच्या लेकी गेल्या आहेत. तिथे त्या काय शिकतात, कशात पास होतात, कोणता प्रबंध लिहितात, हे आम्ही किती जणांनी त्यांना विचारले?

जून-जुलै आला की गावोगावच्या विहारांतून गुणवंतांचे सत्कार होतात. दहावी-बारावी, नर्सिंग, पोलीस भरती, तलाठी, इंजिनिअरिंग! सूत्रसंचालक एकेक नाव पुकारतो, टाळ्या पडतात, पुष्पगुच्छ दिला जातो, आईला पुढे बोलावून तिचेही कौतुक होते. हे सारे पाहताना ऊर भरून येतो. मात्र एखाद्या मुलीच्या नावापुढे ‘एम.ए., स्त्री अभ्यास’ असे लिहिलेले आले की माईकवरचा माणूस क्षणभर अडखळतो. सभेतही कुजबुज होते. “स्त्री अभ्यास म्हणजे काय गं? शिवणकाम का?” एखादे वडीलधारे मिश्कीलपणे म्हणतात, “बायकांनी बायकांचाच अभ्यास करायला विद्यापीठ कशाला लागतं?” टाळ्या वाजतात, पण त्या उपचाराच्या. मुलगी पुष्पगुच्छ घेऊन खाली मान घालून बसते.

आमचे स्पष्ट मत आहे की, हा सत्कार अर्धा राहतो. आणि तो आमच्याच अज्ञानामुळे अर्धा राहतो. कारण हा विषय परका नाही. तो आमच्या आईच्या डोक्यावरच्या हंड्यापासून सुरू होतो.

विद्यापीठातील लोक ज्याला ‘जेंडर’ म्हणतात त्याला मराठीत ‘लिंगभाव’ असा शब्द रूढ झाला आहे. शब्द अवघड वाटतो, गोष्ट सोपी आहे. बाळंतपण बाईला निसर्गाने दिले. हंडा निसर्गाने दिलेला नाही, तो समाजाने दिला. खुरपे निसर्गाने दिलेले नाही. आपल्या भागात कापूस वेचायला, खुरपणीला बाया जातात आणि औत, फवारणी पुरुषांकडे असते. बाईच्या कामाचा रोज कमी, पुरुषाच्या कामाचा जास्त. का? वेचणीला कंबर मोडत नाही काय? मालकाच्या शेतावरून दोघे एकाच वेळी घरी येतात, पण चुलीपुढे एकच जण बसते. हे असे का ठरले, कुणी ठरवले, आणि ज्या बाईची जात खालची ठरवली गेली तिच्या वाट्याला यातले किती जास्त आले, याचा पद्धतशीर शोध म्हणजे स्त्री अभ्यास.

आणि हा शोध नुसता कागदी नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातून दरसाल ऊसतोडीला जोडपी जातात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. बाईला वेगळे नाव नाही, वेगळी मजुरी नाही. या बायांमध्ये गर्भाशय काढून टाकण्याचे प्रमाण फार आहे अशी ओरड झाली, तेव्हा २०१९ साली शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. जिल्ह्यातील ब्याऐंशी हजारांवर ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यांतील तेरा हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढलेली आढळली. खाडा झाला तर दंड, पाळीच्या दिवसांत ना आडोसा ना पाणी, आणि पोट दुखते म्हणून गेले की ऑपरेशन! हा प्रश्न डॉक्टरकीचा की मजुरीचा, की जातीचा, की बाईपणाचा? चारही धागे एकत्र धरल्याशिवाय त्याचे उत्तर सापडत नाही. ते चारही धागे एकत्र धरायला जिथे शिकवतात, तो हा विषय.

आता आणखी एक गोष्ट सांगतो. ती ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटेल. आज देशभरच्या स्त्री अभ्यास केंद्रांत जे लेखन मूळ पाया म्हणून वाचले जाते, त्यात एका विद्यार्थ्याचा निबंध आहे. तो विद्यार्थी पंचवीस वर्षांचा होता. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या चर्चावर्गात ९ मे १९१६ रोजी त्याने भारतातील जातींविषयी एक निबंध वाचला. पुढल्या वर्षी तो ‘इंडियन अँटिक्वरी’ या नियतकालिकात छापून आला. त्या विद्यार्थ्याचे नाव भीमराव रामजी आंबेडकर!

त्या निबंधात बाबासाहेबांनी काय दाखवले? जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावण्याच्या सक्तीमुळे. ही सक्ती पाळायची तर बाईवर पहारा हवा. नवरा मेला की उरलेल्या बाईचे काय करायचे, हा जातीपुढचा सवाल होता. म्हणून सती, म्हणून सक्तीचे वैधव्य, म्हणून बालविवाह. म्हणजे जातीचे कुलूप बाईच्या देहाला लावलेले आहे, हे त्यांनी एम.ए., पीएच.डी.च्या वयात ओळखले होते. पुढे १९२७ साली महाडला त्यांनी स्त्रियांपुढे वेगळे भाषण केले, १९२८ साली मुंबई कायदेमंडळात गिरणी कामगार बायांच्या बाळंतपणाच्या रजेच्या बिलाला पाठिंबा दिला, जुलै १९४२ मध्ये नागपूरला सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या महिला परिषदेत हजारो भगिनींशी ते बोलले, आणि १९५१ साली हिंदू कोड बिल रखडवले गेले म्हणून मंत्रिपदाचा राजीनामा फेकला. हे सारे आपल्याला भाषणांतून ऐकून पाठ आहे. पण त्याची सुरुवात एका विद्यार्थ्याच्या वर्गातल्या निबंधात आहे, हे ध्यानी घ्यावे. म्हणूनच आमच्या एखाद्या मुलीने स्त्री अभ्यासात निबंध वाचला, तर ती आडवाटेला गेली असे कुणी समजू नये. ती बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतल्या वाटेला लागली आहे.

आपल्या विद्यापीठातील केंद्राला ताराबाई शिंदे यांचे नाव आहे. या बुलडाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे सत्यशोधक विचारांचे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला भ्रूणहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली आणि वर्तमानपत्रांतून साऱ्या बायकांवर चिखलफेक सुरू झाली. तेव्हा ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहून पुरुषांना खडसावून जाब विचारला. स्वतःला सुधारक म्हणवणाऱ्यांनीही नाके मुरडली. त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते महात्मा जोतीराव फुले. त्यानंतर हे पुस्तक असे काही विस्मरणात गेले की १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत कुणाला त्याचा पत्ता नव्हता. नव्वद वर्षांहून अधिक काळ! एका बाईचे पुस्तक हरवायला इतकेच लागते की कुणी ते वाचू नये.

ताराबाईंच्याही आधी, १८५५ साली, जोतीराव-सावित्रीबाईंच्या पुण्यातील शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो ‘ज्ञानोदय’ने छापला. तिचे वय तेव्हा चौदाच्या आसपास. आमच्या मते, या देशातील स्त्री अभ्यासाची पहिली गुणवंत विद्यार्थिनी तीच. त्या काळी विहार नव्हते, माईक नव्हता, नाहीतर पहिला सत्कार तिचा व्हायला हवा होता.

आमच्या चळवळीतल्या बायांचा इतिहासही असाच हरवला असता. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून या दोघी घराघरांत जाऊन म्हाताऱ्या झालेल्या कार्यकर्त्या बायांना भेटल्या. कोण परिषदेला गेली, कुणी तुरुंग पाहिला, कुणी वस्तीत महिला मंडळ चालवले, हे त्यांनी त्यांच्याच तोंडून ऐकून लिहून घेतले. १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक निघाले. पुढे २००८ मध्ये ते इंग्रजीत गेले. अनुवाद केला वंदना सोनाळकर यांनी. त्या आपल्याच विद्यापीठात अर्थशास्त्र शिकवत आणि ताराबाई शिंदे केंद्राची जबाबदारीही त्यांनी सांभाळली. आज परदेशातले विद्यार्थीही हे पुस्तक वाचतात. आमच्या आयांची नावे सातासमुद्रापार गेली ती या गेटच्या आतल्या माणसांच्या हातून.

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातील क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले स्त्री अभ्यास केंद्राची हकीकत तर जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे. तिथे शर्मिला रेगे नावाच्या प्राध्यापिका होत्या. जन्माने त्या आपल्या समाजातल्या नव्हत्या. पण स्त्रीमुक्तीची भाषा बोलणाऱ्या सवर्ण बायांनी दलित बाईचे म्हणणे ऐकल्याशिवाय त्यांची मुक्ती लंगडी राहील, हे त्यांनी १९९८ पासून ठणकावून लिहिले. चैत्यभूमीवर आणि दीक्षाभूमीवर विकल्या जाणाऱ्या पुस्तिका, भीमगीते, गायन पार्ट्या यांना विद्यापीठात कुणी ‘अभ्यासाचे साहित्य’ मानत नव्हते. बाईंनी मानले. बेबीताई कांबळे, शांताबाई कांबळे, कुमुद पावडे, ऊर्मिला पवार यांची आत्मकथने घेऊन त्यांनी २००६ साली मोठा ग्रंथ लिहिला. बाबासाहेबांचे स्त्रीविषयक लेखन एकत्र करून त्यावर भाष्य करणारा त्यांचा ग्रंथ २०१३ साली आला आणि त्याच वर्षी १३ जुलैला, अवघ्या ४८ व्या वर्षी, त्या गेल्या.

या केंद्रातील विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या सोबतीने २००९ साली एक पुस्तक सिद्ध केले. नाव इंग्रजी, ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ म्हणजे, हे ताट भारतीय नाही काय? विषय कोणता म्हणाल, तर दलितांच्या घरातले जेवण! विद्यार्थ्यांनी विचारले, पाककृतींच्या पुस्तकांत ‘महाराष्ट्रीय जेवण’ म्हणून जे छापले जाते ते कुणाचे? त्यात वरण-भात-तूप आहे, पुरणपोळी आहे. आमच्या आजीने उन्हात वाळवून ठेवलेल्या मांसाच्या चान्या कुठे आहेत? दुष्काळात रानातून खुडून आणलेली भाजी कुठे आहे? ज्या अन्नावर पिढ्या जगल्या, ते अन्न पुस्तकात नाही म्हणजे त्या पिढ्याच पुस्तकात नाहीत. मग हे विद्यार्थी आया-आज्यांपुढे बसले. काय खाल्ले, कसे शिजवले, कोणत्या दिवशी उपाशी झोपले, सणाला कुणाच्या दारात उभे राहावे लागले, हे विचारले. पाककृती लिहिल्या आणि त्याबरोबर आठवणी लिहिल्या.

या पुस्तकाबद्दल ऐकले तेव्हा आमच्या मनात आधी जरा चलबिचल झाली, हे लपवत नाही. मेलेल्या ढोराचे मांस सोडा, असे बाबासाहेबांनी सांगितले. आम्ही ते सोडले आणि ते दिवस विसरायचेही ठरवले. मग त्या आठवणी कशाला उकरायच्या? असा प्रश्न घराघरात निघेल आणि तो निघावा. परंतु सोडणे वेगळे आणि पुसून टाकणे वेगळे. बाईने ते अन्न खाल्ले यात तिची लाज नाही. ज्यांनी तिच्यावर ती वेळ आणली, लाज त्यांची. पुढे २०१५ साली शाहू पाटोळे यांनी ‘अन्न हे अपूर्ण ब्रह्म’ या पुस्तकातून मराठवाड्यातील दलितांच्या जेवणाची हीच नोंद मराठीत केली, आणि २०२४ साली त्याचे इंग्रजी भाषांतरही निघाले. विद्यार्थ्यांच्या त्या पुस्तकाने विचारलेला प्रश्न उनाड नव्हता, हे यावरून दिसून येते.

आता अलीकडची आनंदाची वार्ता. वैजापूर ओलांडले की पुढे कोपरगाव तालुका लागतो. त्या तालुक्यातील पोहेगाव येथे जन्मलेल्या आणि पुण्याच्या येरवडा झोपडपट्टीत एका खोलीत तीन बहिणींसह वाढलेल्या डॉ. शैलजा पाईक यांना ऑक्टोबर २०२४ मध्ये अमेरिकेची मॅकआर्थर फेलोशिप जाहीर झाली. रक्कम आठ लाख डॉलर, म्हणजे सहा कोटी रुपयांच्या वर. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या दलित. पुणे विद्यापीठातून बी.ए., एम.ए., मग इंग्लंडच्या वॉरिक विद्यापीठातून २००७ साली पीएच.डी., आणि आता अमेरिकेच्या सिनसिनाटी विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापक. तिथल्या स्त्री व लिंगभाव अभ्यास विभागाशीही त्या जोडलेल्या आहेत.

वर्तमानपत्रांनी ‘झोपडपट्टी ते अमेरिका’ असे मथळे दिले. ते ठीक. पण त्यांनी अभ्यास कशाचा केला, हे किती जणांनी वाचले? त्यांचे पहिले पुस्तक पुण्यातील दलित मुली-बायांच्या शिक्षणाविषयी आहे. शाळेत मागे बसवले गेले, घरी पाणी-भांडी करून मग पाटी हातात आली, अशा सामान्य बायांशी बोलून ते लिहिले आहे. दुसरे, २०२२ चे, तमाशातल्या बायांविषयी. पठ्ठे बापूरावांबरोबर नाचगाणे केलेल्या पवळाबाईंपासून ते मंगलाताई बनसोडे यांच्यापर्यंत. ज्यांना गावाने रात्री पाहिले आणि सकाळी तोंड फिरवले, त्यांची कला आणि त्यांची माणुसकी यांचा हा अभ्यास आहे. जगातला एवढा मोठा सन्मान मिळाला तो या कामाला. तेव्हा ‘बायकांचा अभ्यास करून काय मिळणार?’ असे विचारणाऱ्यांना एक उत्तर येथे आहे.

तरी आम्ही कुणाला फसवणार नाही. हा विषय घेतला की नोकरी ठेवलेलीच आहे, असे नाही. नेट परीक्षेत स्त्री अभ्यास हा विषय आहे, पण प्राध्यापकांच्या कायम जागा थोड्या. बहुतेक केंद्रे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या योजनेवर उभी राहिली आणि २०१७ साली हे अनुदान पुढे चालू राहील की नाही, अशी टांगती तलवार देशभरच्या केंद्रांवर आली होती. संशोधन करणाऱ्यांचे हाल वेगळेच. २०२२ च्या तुकडीतील विद्यार्थ्यांना बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी मुंबईच्या आझाद मैदानावर धरणे धरून बसावे लागले. ज्या घरात महिन्याचा किराणा उधारीवर येतो, त्या घरातली मुलगी पैसे येईपर्यंत कशी थांबणार?

लासूर स्टेशनच्या मुलीची अडचण तर पहाटेच सुरू होते. पाणी, भाकरी, धाकट्यांची शाळा, आणि मग गाडी. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा मोफत पास असतो. पुढे २०२३ पासून बायकांना अर्धे तिकीट झाले, हा आधार आहे खरा. पण संध्याकाळची गाडी चुकली, उशिरा आली, तर प्रश्न पैशांचा राहत नाही. गल्लीत चार तोंडे बोलतात. ‘पोरगी रात्री आठला येते!’ मग मामा स्थळ आणतो. प्रबंध अर्धवट, लग्न पूर्ण. अशा किती जणी या लाइनीवरच्या स्टेशनांतून शिकता शिकता थांबल्या असतील, त्याची मोजदाद कोणत्याही दप्तरात नाही. आमच्या मते, तो स्वतःच एका प्रबंधाचा विषय आहे, आणि तो लासूरच्याच मुलीने लिहावा.

म्हणून यंदा विहारात सत्कार ठेवणाऱ्या मंडळांना आमची एक सूचना आहे. स्त्री अभ्यासाची पदवी घेतलेली, नेट झालेली किंवा पीएच.डी.ला नोंदणी केलेली मुलगी आपल्या वस्तीत असेल तर तिला पुष्पगुच्छ द्याच, पण त्यासोबत पंधरा मिनिटे माईक द्या. तिने काय शोधले ते आपल्या बोलीत सांगू द्या. पाहुण्यांची भाषणे थोडी कमी झाली तर काही बिघडत नाही. तिच्या वडिलांबरोबर तिच्या भावालाही पुढे बोलवा, विशेषतः तो संध्याकाळी स्टेशनवर तिला घ्यायला जात असेल तर. पुष्पगुच्छाऐवजी सहा महिन्यांच्या पासाचे पैसे पाकिटात घालून दिले, तर आणखी उत्तम.

आणि पुढच्या रांगेत म्हाताऱ्या उपासिकांना बसवा. नामांतराच्या मोर्चाला कोण गेली होती, पोलिसांच्या गाडीत कोण बसली होती, १९७८ च्या त्या दिवसांत रात्रभर लेकरे पोटाशी धरून कोण जागी होती, हे त्या मुलीने त्यांना तिथेच विचारावे. हल्ली प्रत्येकीच्या हातात मोबाइल आहे, त्यात आवाज भरून घेता येतो. आज ज्या आजी ऐंशीच्या पुढे आहेत, त्यांच्याकडे आधी जावे.